काळ्या टिकलीच्या डब्या

आधीच सांगून टाकते, मला रविवारी झोपायचं होतं. बस्स, एवढंच कारण. नंतर मुकुंद सरांनी विचारलं, उत्कर्षानं विचारलं, चौकशीच्या कागदावर 'कारण' म्हणून रकाना होता तिथंही काहीतरी लिहावं लागलं. मी गुडघेदुखी लिहिलं. गुडघे दुखतातच, खोटं नाही. पण सत्तावीस वर्षं नोकरी केल्यावर आठवड्यातला एक दिवस पंख्याखाली आडवं पडून राहावं, कुणी हाक मारू नये, इतकंच मला हवं होतं. हे रकान्यात कसं लिहायचं?

मी रत्नम्मा. सोलापुरातल्या एका दंतमहाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत टेक्निशियन आहे. निवृत्तीला एक वर्ष चार महिने राहिलेत. प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळे मला अक्का म्हणतात, आणि अक्का म्हटलं की बाईला कुठलंही काम सांगता येतं असा इथं समज आहे. फ्रीज बंद पडला, अक्का. चावी सापडत नाही, अक्का. पोरांना सूक्ष्मदर्शकातून काही दिसत नाही, अक्का. अरे बाबांनो, आधी दिव्याचं बटण तरी दाबा की!

त्यात उत्कर्षा आली. करमाळ्याची पोरगी, आमच्याकडे एमडीएस करणारी. सकाळी नऊ ते पाच पेशंट बघायचे आणि त्यानंतर माझ्या प्रयोगशाळेत येऊन बसायचं. डोळ्यांखाली कायम काळं. लोक अक्कलदाढ काढून घेतात आणि विसरून जातात. ही त्यांची परवानगी घेऊन त्या दाढा गोळा करायची. दाढ फोडली की आत मऊ गाभा असतो, डाळिंबाच्या दाण्याएवढासुद्धा नाही. त्यातून ती मूळपेशी काढायची. ह्या पेशींनी आपण पुढं काय व्हायचं ते अजून ठरवलेलं नसतं. नीट सांभाळल्या तर त्यांच्यापासून दाताच्या आतला गाभा, हाडासारखं काही, असं नवं तयार होऊ शकतं. तिचा प्रश्न साधा होता. ह्या पेशींवर लाल लेसरचा सौम्य उजेड एक मिनिट धरला तर त्या जास्त वाढतात का? कुणाच्या प्रयोगात हो निघतं, कुणाच्या नाही निघतं. हो निघालं तर उद्या शाळेच्या ओट्यावरून पडलेल्या एखाद्या आठ वर्षांच्या पोराचा मेलेला दात आतून पुन्हा जिवंत करायला त्याचा उपयोग होईल, असं ती म्हणायची. म्हणताना तिचा चेहरा जरा उजळायचा. एरवी नाही.

पद्धत अशी होती. शुक्रवारी पेशी डब्यांत पेरायच्या. तळहातावर मावेल अशी गोल प्लास्टिकची डबी, तिच्यात गुलाबी पाणी, तेच त्यांचं खाद्य. दोन दिवसांत पेशी तळाला चिकटतात. रविवारी उजेड. मंगळवारी मोजणी. एका फेरीला बारा डब्या, सहांच्या झाकणावर लाल टिकली आणि सहांच्या झाकणावर काळी. टिकल्या माझ्याच, कपाळाला लावायच्या पाकिटातल्या. मार्करचे आकडे ओल्या हातानं पुसले जातात, टिकली काही निघत नाही. लाल टिकलीवाल्यांना उजेड द्यायचा. काळ्या टिकलीवाल्यांना द्यायचा नाही, पण त्यांनाही बाहेर काढायचं, त्याच जागी ठेवायचं, तोच लेसरचा दिवा तेवढ्याच उंचीवर तेवढंच एक मिनिट धरायचा, आणि बटण दाबायचं नाही. कारण डबी हलवली, एसीच्या हवेत ठेवली, ह्याचाही पेशींना त्रास होतो. मग तो त्रास दोघींना सारखा व्हायला पाहिजे. फरक फक्त उजेडाचा. हे मी विद्यार्थ्यांना इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतही सांगेन.

अशा बारा फेऱ्या ठरल्या होत्या. पहिल्या तीन उत्कर्षानं स्वतः केल्या, रविवार घालवून. मग एक दिवस माझ्या शेजारी स्टुलावर बसून म्हणाली, "अक्का, वैदेही मला ओळखत नाही."

वैदेही तिची मुलगी, तीन वर्षांची, करमाळ्याला आजीकडे. नवरा नोकरीसाठी परदेशी. पोरगी आजीला आई म्हणते आणि हिला उत्कर्षा म्हणते. घरात सगळे हिला उत्कर्षाच म्हणतात ना, मग तीही तेच शिकली. "मी गेले तर पडद्यामागं लपली. एवढे रविवार मला मोकळे करून द्या. तासाभराचं तर काम आहे."

मी हो म्हटलं. नाही म्हणून करते काय? चौथ्या फेरीच्या रविवारी मी गेले, सगळं नीट केलं. जाताना मल्लव्वाला बरोबर घेतलं. मल्लव्वा आमच्याकडची मदतनीस, कंत्राटावरची, मंद्रूपहून रोज बसनं येते. रविवारी तिची ड्युटी असतेच, फरशी पुसायची आणि खालच्या जनरेटरचं डिझेल बघायचं. हात स्वच्छ, डोकं शांत, सांगितलेलं काम कधी चुकत नाही. तिला सगळं दाखवलं. हिरवा चष्मा कसा घालायचा, बटण कुठलं, लाल टिकली चालू, काळी टिकली बंद. दोनदा तिच्याकडून वदवून घेतलं. आणि पाचव्या फेरीपासून तिला म्हटलं, "तूच कर. काही अडलं तर सोमवारी विचार. रविवारी मला फोन करून उठवू नकोस."

सोमवारी सकाळी यायचं आणि रविवारच्या नोंदीपुढं सही करायची. वेळ अकरा, तापमान सदतीस, सही रत्नम्मा. अशा सात सह्या केल्या मी. हात जरासुद्धा अडखळला नाही.

*

अकरा फेऱ्या झाल्या. थिसिस द्यायला तीन आठवडे राहिले. एका संध्याकाळी उत्कर्षा म्हणाली, "अक्का, आकडे वाचता का? मी टाइप करते." आमची ही जुनी पद्धत, एकीनं वाचायचं, दुसरीनं भरायचं, म्हणजे चूक होत नाही. मी चष्मा लावला आणि तिची वही उघडली. डबीतल्या पेशींची सरासरी, हजारात.

"पहिली फेरी. काळी एक्केचाळीस, लाल त्रेसष्ट."

"हं."

"दुसरी. काळी एकोणचाळीस, लाल साठ. तिसरी, काळी बेचाळीस, लाल चौसष्ट. चौथी, काळी चाळीस, लाल बासष्ट."

"हं."

"पाचवी. काळी एकसष्ट, लाल त्रेसष्ट. सहावी, काळी बासष्ट, लाल बासष्ट..."

मुकुंद सर, म्हणजे तिचे गाइड, ह्यावर आधीच बोलले होते. पहिल्या चार फेऱ्यांत काहीतरी गडबड झाली असेल, पुढच्या सात एकसारख्या येतात, म्हणजे उजेडानं काही फरक पडत नाही. "निगेटिव्ह रिझल्टही रिझल्टच असतो, उत्कर्षा. तसं लिही आणि मोकळी हो." सर वाईट माणूस नाही. साठी जवळ आलेला, थकलेला माणूस आहे. आम्ही सगळेच थकलेले आहोत.

पण आकडे तोंडानं वाचले की वेगळे दिसतात. उजेडानं फरक पडला नसता तर लाल खाली यायला पाहिजे होतं ना? लाल तिथंच होतं, बासष्ट-त्रेसष्ट. काळं वर चढलं होतं. ज्यांना काहीच द्यायचं नाही त्या डब्या अचानक पोट भरल्यासारख्या वाढायला लागल्या होत्या. आणि कधीपासून? पाचव्या फेरीपासून. चौथा रविवार माझा होता.

पाचव्यापासूनचे मल्लव्वाचे. आवाज तसाच ठेवून मी अकराव्या फेरीपर्यंत वाचलं. उत्कर्षानं मान वर केली नाही. तिनं फाइल सेव्ह केली, डोळे चोळले आणि म्हणाली, "चला, एक फेरी राहिली. मग सुटले मी."

*

त्या रविवारी मी झोपले नाही. साडेदहाला रिक्षा करून कॉलेजला गेले आणि प्रयोगशाळेच्या दाराला काच आहे तिथं बाहेर उभी राहिले. आत मल्लव्वा होती. कपाळावर विभूतीचे पट्टे, त्याच्या खाली हिरवा चष्मा, पदर खोचलेला. एकेक डबी उचलून ठेवत होती, अगदी मी शिकवलं तशी, किंबहुना माझ्यापेक्षा हळू. सहा लाल टिकल्या झाल्या. मग काळी टिकली ठेवली. दिवा वर धरला. तिच्या बोटांवर लाल उजेड पडला.

मी दार उघडून आत गेले. "मल्लव्वा! बटण का दाबलंस?"

ती दचकली नाही. मिनिट पुरं केलं, दिवा बंद केला, डबी बाजूला ठेवली आणि मग माझ्याकडं बघितलं. "न्हाय दाबलं तर उजेड कसा पडंल, अक्का?"

"काळ्या टिकलीवर पाडायचा नाही म्हणून तुला दोनदा सांगितलं ना मी?"

"व्हय, सांगितलं व्हतं." तिनं चष्मा काढला. "पयल्या रविवारी म्या तसंच कराय गेले. पर हातच चालंना. दिवा वर धरायचा, मिनिटभर धरायचा, आन् द्यायचं कायच न्हाय? मठात अकरा वर्सं जेवान वाढतीया मी. दासोहाला, अन्नदानाला, कोन बी येऊ दे, एकदा पंगतीत बसला की बसला. एकाच्या ताटात भरली पळी वाढायची आन् शेजारच्याच्या ताटावर रिकामी पळी धरून म्होरं जायचं? यव्वा! जल्मात कदी केलं न्हाय मी."

"अगं, त्या पेशी आहेत!"

"जित्या हायत न्हवं? तुमीच म्हनलासा जित्या हायत. रोज खायाला घालतासा की त्यास्नी."

ओरडायचं होतं, लई ओरडायचं होतं. सात फेऱ्या, सात आठवडे, त्या पोरीची रात्रंदिवसाची मेहनत! "मला विचारायचं नाहीस?" एवढंच म्हटलं.

"तुमी झोपलेल्या आसतासा की रविवारी," मल्लव्वा म्हणाली. "तुमीच म्हनलासा, उठवू नगंस."

मी तिथल्याच स्टुलावर बसले. तिनं मला पाणी आणून दिलं. काय चुकलं ते तिला कळलं नव्हतं, पण काहीतरी मोठं चुकलंय हे माझ्या तोंडाकडं बघून कळलं असावं, कारण ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. मी समजावून सांगितलं. काहींना उपाशी ठेवलं तरच जेवलेल्यांना जेवणानं काय झालं ते कळतं. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "म्हंजी डॉक्टरबाईंचं वाटूळं केलं म्या?"

"तू नाही. मी."

हे मी तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं नव्हतं. रिक्षात बसल्यापासून तेच डोक्यात होतं.

खरं म्हणजे गप्प बसणं सोपं होतं. कुणाला कळणार? सर म्हणतात निगेटिव्ह, उत्कर्षा लिहिणार निगेटिव्ह, परीक्षा देऊन करमाळ्याला जाणार, लेकीला जवळ घेणार. मी निवृत्त होणार. बोललं तर तिची टर्म जाते, अजून सहा महिने ती इथं, पोरगी तिथं. आणि माझ्या सात खोट्या सह्या बाहेर येतात. सेवापुस्तकात सत्तावीस वर्षांत एक रेघ वाकडी नाही माझ्या. आणि नाही बोललं तर? तर उजेडाचा काही उपयोग नाही असं छापून येणार, कुणीतरी ते वाचून आपलं काम सोडून देणार, आणि ते खोटं माझ्या झोपेमुळं. उरलेला रविवार मी पंख्याखाली पडून राहिले आणि डोळ्याला डोळा लागला नाही.

*

सोमवारी उत्कर्षा आली तेव्हा मी तिला आत बोलावलं, दार लावलं आणि सगळं सांगितलं. मल्लव्वाचं, पळीचं, सह्यांचं. ती हातातल्या हातमोज्याची बोटं एकेक करून ओढत राहिली. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मला कळलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"कारण नव्हतं कळलं. पण काळी वर चढली हे सातव्या फेरीलाच दिसलं होतं, अक्का. मी काय आंधळी आहे? मी बघितलं आणि वही मिटली. म्हटलं, बारा होऊ देत, सर सही करू देत, मला घरी जाऊ दे. शनिवारी तिला ताप होता. मी उचलून घेतलं तर म्हणाली, उत्कर्षा नको, आई पाहिजे. तुम्ही नका ना बोलू. काय बिघडतं? माझा थिसिस कोण वाचणार आहे? कपाटात जाऊन पडणार तो."

ती रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तिनं तो झटकला नाही. मनात म्हटलं, पोरी, गप्प बसणं मलाही हवंच होतं, तरी वाटलं होतं तू म्हणशील बोला आणि मग माझ्यावरचा भार तुझ्यावर जाईल. पण तिनं गप्प बसा म्हटल्याबरोबर माझं डोकं फिरलं. तिच्यावर नाही, माझ्यावरच. सत्तावीस वर्षं मी पोरांना सांगत आले की दिसलं ते लिहा, आणि ही पोरगी माझ्याच प्रयोगशाळेत, माझ्यामुळं, वही मिटायला शिकली.

"तू काही बोलू नकोस," मी म्हटलं. "मी बोलते."

"अक्का, प्लीज."

मी नोंदवही उचलली. एकेक रविवार काढला. सात सह्यांवर आडवी रेघ मारली आणि प्रत्येकीपुढं लिहिलं, 'ह्या दिवशी मी हजर नव्हते.' त्याखाली खरी सही केली. मग वही घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेले.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. "रत्नम्मा, हे तुम्ही मला पुढच्या महिन्यात सांगितलं असतं तर नसतं का चाललं?"

"नसतं चाललं, सर."

"आता ऐकलंय म्हटल्यावर ऐकलं नाही असं मला म्हणता येत नाही." त्यांनी नोंदवही जवळ ओढली. "त्या मल्लव्वाचं काय करायचं?"

"तिचं नाव कागदावर येणार नाही. तिला तिथं मी बसवलं."

"मग तुमचं येईल."

"येऊ दे की."

आलं. लेखी समज मिळाली, सेवापुस्तकात लागली. थिसिस पुढच्या टर्मला गेला. पहिल्या चार फेऱ्या धरायच्या, पाच ते बारा रद्द, आठ पुन्हा करायच्या. त्यासाठी त्याच माणसाच्या दाढेतल्या पेशी हव्यात, आणि त्यांच्या दोनच नळ्या नायट्रोजनच्या टाकीत गोठवलेल्या शिल्लक होत्या.

उत्कर्षा मला अक्का म्हणायची बंद झाली. रत्नम्मा मॅडम म्हणायला लागली. "रत्नम्मा मॅडम, टाकीची चावी द्या." "रत्नम्मा मॅडम, इनक्युबेटर बघितला का?" महिनाभर. मी चावी द्यायचे, इनक्युबेटर बघायचे. ते 'मॅडम' मला लेखी समजेपेक्षा जास्त लागलं, हे खरं सांगते.

*

मे उजाडला. बाहेर त्रेचाळीस डिग्री, डांबर पायाला चिकटत होतं. गोठवलेल्या पेशी जाग्या झाल्या होत्या, वाढल्या होत्या, आणि नव्या पाचव्या फेरीचा रविवार आला. उत्कर्षा करमाळ्याला गेली नाही. मीही आले. मला कुणी बोलावलं नव्हतं. ती दिवा धरणार, मी भिंतीवरच्या घड्याळात बघून वेळ सांगणार, असं न बोलताच ठरलं.

लाल टिकल्या झाल्या. काळी टिकली ठेवली. तिनं बंद दिवा वर धरला. वीस सेकंद झाले असतील, तेवढ्यात स्टुलावरचा तिचा फोन थरथरायला लागला. करमाळ्याहून. ह्या वेळी वैदेही जेवायला बसते आणि मनात आलं तर उत्कर्षाशी बोलते, नाही आलं तर नाही.

"घे फोन," मी म्हटलं. "मी धरते."

"चाळीस सेकंद राहिलेत."

"अगं, बंद आहे तो दिवा! काही पडत नाही त्यातून!"

"बंद असला तरी हात बदलायचा नाही, अक्का," ती म्हणाली. तिचे डोळे डबीवरून हलले नाहीत. फोन वाजत राहिला आणि पन्नासाव्या सेकंदाला थांबला. तिनं साठ पुरे केले, डबी बाजूला ठेवली, पुढची घेतली.

सगळ्या बारा झाल्यावर तिनं फोन लावला. तिकडून आजी म्हणाली, पोरगी खेळायला पळाली, आता येत नाही. उत्कर्षा बरं म्हणाली आणि फोन ठेवून हात धुवायला गेली. बराच वेळ नळ चालू होता.

मग मात्र मी तापले. "तिला इकडं घेऊन ये," मी म्हटलं. "आणि तुझ्या आईलाही आण महिनाभर. माझ्या घरी दोन खोल्या रिकाम्या पडल्यात, पोरं पुण्याला गेली तशी. हॉस्टेल सोड. आणि मला परत मॅडम म्हणालीस तर बघ."

"तुमचा रविवार?"

"झोपले की भरपूर. सात रविवार झोपले."

ती हसली की रडली ते कळलं नाही, तिनं तोंड टॉवेलात घातलं होतं.

मंगळवारी मोजणी झाली. काळी चाळीस, लाल एकसष्ट. तिनं आकडे दोनदा मोजले, वहीत लिहिले आणि म्हणाली, "अजून सात." उड्या मारायचं त्राण कुणात होतं?

वैदेही आली. येऊन चार दिवस माझ्या साडीमागं लपली आणि पाचव्या दिवशी पहाटे सहाला माझ्या पोटावर बसून म्हणाली, "ऊठ." झोपेचं ते असं झालं. उत्कर्षाला ती उत्कर्षाच म्हणायची. मल्लव्वाला ते खपायचं नाही. "नाव घिऊन काय हाक मारतीस ग? आई म्हन." पोरगी मान हलवायची. उत्कर्षा म्हणायची, "राहू दे, मल्लव्वा." तेवढंच म्हणायची, आणि कामाला लागायची.

शेवटच्या फेरीचा रविवार. उत्कर्षाची आई गावी परतली होती, म्हणून पोरीला कॉलेजातच आणावं लागलं. आत फक्त उत्कर्षा. आम्ही तिघी काचेच्या दाराबाहेर, मी, मल्लव्वा, आणि तिच्या कडेवर वैदेही, हातात भाकरी-चटणीचा तुकडा. वैदेही काचेला नाक लावून बघत होती. आत लाल उजेड लागला, विझला, लागला, विझला. सहा वेळा. पोरगी प्रत्येक वेळी टाळी वाजवायची.

मग काळी टिकली आली. मल्लव्वानं काचेकडं पाठ केली. कळून तिला आता महिने झाले होते, तरी त्या सहा डब्या तिला बघवत नाहीत. ती नेहमी अशी पाठ करते आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत राहते. पोरगी मात्र तिच्या खांद्यावरून मान वळवून काचेतच बघत होती. आत दिवा वर धरलेला, आणि उजेड नाही.

"आजी," ती मल्लव्वाला म्हणाली, "आईचा दिवा लागत नाही."

मल्लव्वाच्या लक्षात आलं की नाही, माहीत नाही. माझ्या आलं. मला एकदम वाटलं, दार उघडावं आणि उत्कर्षाला सांगावं, अगं, ऐकलंस का?

"लागतुया बाळ," मल्लव्वा पाठमोरीच म्हणाली. "आता लावायचा न्हाय. पर धरलाय न्हवं तिनं? धरू दे."

"मी आईकडं जाते," वैदेही म्हणाली आणि कडेवरून खाली उतरायला लागली.

मी तिचा चटणीचा हात धरला. काचेतून भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं. ह्या डबीचे बावीस सेकंद राहिले होते, आणि पुढं अजून पाच डब्या. मी पोरीला जवळ घेऊन दाराशी उभी राहिले.